कुठे सेकंद मोजतात, कुठे चेंडू

टी-ट्वेंटी आणि कसोटीचे नियम वेगळे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. बेसबॉलमध्ये मात्र खेळाचं नाव एकच आणि नियम जागोजागी वेगळे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सामना ९ इनिंगचा, तर शाळकरी मुलांच्या लिटल लीगमध्ये ६ इनिंगचा.

मुद्दा फक्त लांबीचा नाही. नियम करताना विचार कोणाचा होतो, ते बघा. मेजर लीगने २०२३ मध्ये पिच क्लॉक आणलं. बेसवर कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकायचाच! आदल्या वर्षी सरासरी ३ तास ४ मिनिटं चालणारा सामना २ तास ४० मिनिटांवर आला. प्रेक्षक खूश. पण पिचरने दिवसात किती चेंडू टाकावेत, यावर तिथे नियम नाही. ते संघ ठरवतो. लिटल लीगमध्ये नेमकं उलटं. ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडू, मग बास. कारण वाढत्या वयातला खांदा आणि कोपर जपायचे असतात.

मग मधल्या वयाचं काय? जपानमध्ये कोशिएन ही शालेय स्पर्धा अख्खा देश बघतो. २०१८ च्या उन्हाळ्यात कोसेई योशिदाने तिथे ६ सामन्यांत ८८१ चेंडू टाकले. कौतुक झालं, तशी टीकाही झाली. २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. दिवसाची मात्र नाहीच. एका दिवसात दीडशे टाकले तरी नियम गप्प.

म्हणून 'नियम बदलला' अशी बातमी दिसली की एवढंच विचारा: वेळ कोणाचा वाचला आणि हात कोणाचा?