यादीबाहेरचे बळी

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मातीतच राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर चढली नाहीत. चिखल हातांनी आणि फावड्यांनी उपसावा लागला. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ज्या वाक्याने राज्यकर्त्यांची मान शरमेने खाली जायला हवी होती, ते वाक्य खुलासा म्हणून उच्चारले गेले आणि पचलेही!

ज्या जिल्ह्याने जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथला दरडींखालच्या मृत्यूचा हाहाकार पाहिला, ज्याच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावाने १५१ माणसे गमावली, ज्याने २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव डोळ्यांदेखत नाहीसे होताना पाहिले, त्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना 'डोंगर अकस्मात कोसळला' असे म्हणण्याचा अधिकार उरतो काय? मुळीच उरत नाही.

ज्ञान नव्हते, ही सबब तर आम्ही ऐकूनही घेणार नाही. हाँगकाँगमध्ये जून १९७२ च्या दरडींनी १३८ बळी घेतले. १९७६ मध्ये पुन्हा आघात झाला. १९७७ मध्ये तेथे केवळ उतारांची चिंता वाहणारे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले आणि दरडींची पूर्वसूचनाही सुरू झाली. आपले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी गेल्या दशकात एकत्र येऊन पर्जन्यमानावरून दरडींचे भाकीत करण्याची पद्धत घडवली. प्रयोगभूमी ठरल्या दार्जिलिंग आणि निलगिरी. त्या सहकार्यातून उभे राहिलेले राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र कोलकात्यात सुरू झाले १९ जुलै २०२४ रोजी, इर्शाळवाडीच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी! त्याच्या पहिल्या दैनंदिन सूचनांच्या यादीत रायगड नव्हता. आमचे मेलेले एका यादीबाहेर, जिवंत राहिलेले दुसऱ्या यादीबाहेर. आमचाही डोंगर या प्रयोगात घ्या, असा हट्ट महाराष्ट्राच्या कोणत्या मंत्र्याने धरला होता? धरला असेल तर तो पत्रव्यवहार जनतेपुढे ठेवा.

माळीणला ११ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, भारत आणि अमेरिका यांचा 'निसार' उपग्रह श्रीहरिकोट्याहून झेपावला. दर १२ दिवसांनी तीच भूमी पुन्हा न्याहाळणारा, ढगांतून आणि बऱ्याच अंशी झाडोऱ्यातूनही जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपणारा हा डोळा आहे. परंतु बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांमधल्या एका रात्रीत चिखलाचा लोट सुटला, तर तो डोळा कोणाला जागे करणार? त्यासाठी उतारावरच पर्जन्यमापक हवा, मातीतल्या पाण्याचे मोजमाप हवे, भोंगा हवा आणि आलेली आकडेवारी रात्री वाचणारा माणूस हवा. देशभरच्या दरडप्रवणतेचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. त्यावर शंभर मीटर पसरलेली वाडी जेमतेम दोन मिलिमीटरांची. त्या दोन मिलिमीटरांत किती चुली पेटतात, हे स्थानिक यंत्रणेने पाहायचे असते. ती यंत्रणाच नाही.

आणि हे सारे कोणत्या भूमीत? याच जिल्ह्यातल्या कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने घडवलेल्या नरवंध्य वाणाशी संकर करून याच केंद्राने 'सह्याद्री' हा संकरित भात सिद्ध केला आणि तो १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. परदेशातले विज्ञान येथे रुजले, कारण ते झेलायला येथे खाचरे होती, प्रयोगशाळा होती आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवणारी माणसे होती. भाताच्या लोंबीसाठी पारतंत्र्यात जी दूरदृष्टी दाखवली गेली, ती ठाकर-कातकऱ्यांच्या जिवासाठी स्वराज्यात दाखवता येऊ नये?

पनवेल–कर्जत लोहमार्गासाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा खोदताना खडकाचा थर न् थर तपासला गेला. द्रुतगती मार्गाच्या नव्या जोडरस्त्यासाठी खोपोलीजवळच्या घाटाचे पोट चिरून पाहिले गेले. बंगल्यांसाठी इथला गुंठा न् गुंठा मोजला जातो. डोंगराच्या पोटाची इतकी बारकाईने परीक्षा करणाऱ्या राज्याला त्याच्या पाठीवर निजणाऱ्या वाडीखालची माती तपासायला सवड नाही. हे दारिद्र्य नव्हे. हा पक्षपात आहे.

म्हणून आमचे मागणे रोकडे आहे. दरडींविषयीचा पुढचा जो संयुक्त कार्यक्रम ब्रिटनशी, जपानशी वा अन्य कोणाशीही होईल, त्यात कर्जत आणि खालापूर ही नावे लेखी घालून घ्या. भात केंद्रासारखे उतार-अभ्यासाचे कायम केंद्र कर्जतला उभारा, आणि वाड्यांतल्याच तरुण-तरुणींना पर्जन्यमापक वाचण्याचे शिक्षण व त्याचा पगार द्या. मध्यरात्री वाडी रिकामी करण्याचा हुकूम कोण देणार, त्या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक वाडीच्या समाजमंदिरावर लावा. हे कोणत्या तारखेपर्यंत करणार, ते जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री यांनी जाहीर करावे, आणि ती तारीख येत्या मृगाच्या अलीकडची असावी. पलीकडची आम्हांला मान्य नाही.