एकराने विकायचे, फुटाने घ्यायचे



अलीकडे कोणत्याही बैठकीला गेलो की कापसाच्या भावाच्या जोडीने एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, तालुक्याला प्लॉट घ्यावा म्हणतो. कुठे घेऊ?" पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, आणि खरे बोलायचे तर मुलाचे लग्न. शहरात घर नाही म्हटले की मुलीकडचे चहासुद्धा पुरा पीत नाहीत. तेव्हा हा हौसेचा प्रश्न नाही.

आधी हिशेब मांडू. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. कोरडवाहू कापूस एकरी ५ क्विंटल धरा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. तो पुरा हाती पडला असे समजू (समजायला काय जाते!), तर ४०,५५० रुपये. म्हणजे चौरस फुटाला वर्षाकाठी रुपयासुद्धा नाही, आणि बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून वजा व्हायची आहे. ज्वारीचा हिशेब तर मांडायलाच नको. आता समजा तालुक्याच्या गावी ६०० रुपये फुटाने १,५०० फुटांचा प्लॉट घेतला. झाले ९ लाख. बावीस एकरांचे एका सालचे सगळे उत्पन्न, खर्च न काढता.

हाच प्लॉट पुण्याच्या कडेला कितीतरी पट महाग आणि आपल्याकडच्या आडगावात मातीमोल, असे का? शेताचा भाव थोडाफार तरी पिकावर ठरतो, प्लॉटचा भाव शेजारावर ठरतो. पुण्याला कारखाने आणि संगणकाच्या कंपन्या, म्हणजे दरमहा पगार घेणारे गिऱ्हाईक. अलिबागकडे मुंबईचा पैसा. नागपूरला वर्धा रोडकडे मिहान. आपल्या तालुक्याला गिऱ्हाईक कोण? मास्तर, नोकरदार आणि आपण. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. पण स्वस्तात घेतलेला प्लॉट अडचणीच्या वेळी विकायला काढला की घ्यायलाही कोणी येत नाही, हे ध्यानात ठेवा.

"समृद्धीला लागून" अशा पाट्यांना भुलू नका. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पुरा सुरू झाला. त्यावर मधूनच चढता-उतरता येत नाही. ठरलेल्या ठिकाणीच वाट आहे. कुंपणाला प्लॉट लागून असला तर गाड्यांचा आवाज तेवढा फुकट मिळेल. भाव येतो तो चढण्या-उतरण्याच्या जागेजवळ. तिथपर्यंतचे अंतर स्वतः गाडीने मोजा, दलालाच्या तोंडाने नको.

आता मातीचे सांगतो, कारण ते माझ्या शिक्षणातले आहे आणि त्यातच मी फसलो. कृषीची पदवी घेतलेला माणूस. प्लॉट पाहताना सवयीने ढेकूळ हातात घेतले, काळीभोर कसदार माती पाहून खूश झालो. कापसाला जी जमीन उत्तम ती घराला वाईट, हे ऐन वेळी सुचले नाही. भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्या जोडीने पायाही वर-खाली होतो. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग गेली. म्हणून दोन प्लॉटांचे भाव ताडून पाहताना मुरूम किती खोल लागतो ते आधी विचारा, शेजारची विहीर किंवा खड्डा पाहा. बरड, मुरमाड जागा फुटाला थोडी महाग पडली तरी पायाच्या खोदाईत आणि मुरमाच्या भरावात ते पैसे वाचतात.

कागदाचे थोडक्यात. गावठाणाबाहेर असेल तर अकृषक आणि मंजूर रेखांकन दोन्ही पाहा. सातबारावर दहा जणांची नावे चढवून गुंठा-गुंठा विकणाऱ्यापासून दूर राहा. तुकडेबंदीत अडकू शकता आणि बँक घरासाठी कर्ज देणार नाही.

पण सगळ्यात मोठा घात आपण स्वतः करतो. एकर विकताना खरेदीखतात भाव कमी लिहायचा, वरचे रोख घ्यायचे. घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क वाचते, आपल्याला वाटते आपले काय गेले? गेले ते गावाचे. शासनाचे रेडी रेकनरचे दर ठरवताना नोंदलेले व्यवहार पाहिले जातात. उद्या कालव्याला, रस्त्याला जमीन गेली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुद्रांकाचा दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या अर्ध्या खतांची सरासरी हे दोन्ही पाहून जास्त असेल तो आकडा धरतात. दोन्ही आकडे आपणच पाडून ठेवलेले असतात. मग मोर्चा काढला तरी साहेब आपल्याच सहीचा कागद पुढे करतो, आणि त्यावर आपल्याला बोलता येत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या गेल्या तीन वर्षांच्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढून आणा. कोणी किती लिहिले म्हणून कोणाला बोल लावायचा नाही. लिहिलेला भाव आणि गावाला ठाऊक असलेला भाव, एवढे दोनच रकाने भरून पाहू.