जुन्या जीपची थरथर : निदान आधी, खर्च नंतर

आपल्यापैकी कित्येक पेढ्यांच्या दारात नव्या मोटारीशेजारी एखादी जुनी महिंद्र जीप अजून उभी असते. शेतावर, गोदामाच्या कच्च्या वाटेवर, पावसाळ्यातल्या चिखलात तिचा भरवसा वेगळाच. ही जीप पहिल्या गिअरमध्ये उचलताना सर्वांगाने थरथरू लागली की बहुधा एकच निर्णय ऐकू येतो : ‘शेठ, क्लच प्लेट गेली.’ गिअरबॉक्स उतरते, नवी प्लेट बसते, बिल चुकते होते आणि काही दिवसांत तीच थरथर परत येते. कारण प्लेट खराब होणे हे पुष्कळदा मूळ दुखणे नसून त्याचा परिणाम असतो.

क्लचचे काम साधे आहे. फिरते फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट हळूहळू दाबली जाते व इंजिनाचा जोर चाकांकडे जातो. ही पकड एकसारखी बसली तर गाडी अलगद निघते. प्लेट क्षणात धरते, क्षणात सुटते, असे वेगाने घडू लागले की त्या धक्क्यांची थरथर होते. पकड असमान का झाली, हा खरा प्रश्न.

प्रथम थरथर कधी होते ते पाहावे. पेडल सोडतानाच होते आणि पाय पूर्ण उचलल्यावर थांबते, तर दोष क्लच किंवा त्याच्या आधारांत शोधावा. वेग घेतल्यावरही राहते, तर प्रोपेलर शाफ्ट व त्याचे क्रॉस तपासावेत. पेडल दाबताच घरघर येते, तर संशय रिलीज बेअरिंगवर. इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही, तर ती थरथर नव्हे, क्लच घसरणे होय. पावसात बरेच दिवस उभी राहिलेली जीप पहिल्या दोन-चार वेळा थरथरून शांत झाली, तर फ्लायव्हीलवर चढलेला गंजाचा पातळ थर हे कारण असू शकते. तेथे घाईने खर्च करू नये.

फोर-व्हीलचा दांडा चुकून लागलेला नाही ना, हेही पाहावे. या गाड्यांत पुढची व मागची चाके फोर-व्हीलमध्ये एकमेकांना जखडली जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि दोष मात्र क्लचला लागतो.

आता गिअरबॉक्स न उतरवता होणाऱ्या तपासण्या. इंजिन व गिअरबॉक्सची फाउंडेशन रबरे तेलाने फुगली वा फाटली असतील, तर इंजिन जागेवरच डोलते. केबल किंवा रॉडच्या क्लचमध्ये इंजिन हलले की केबलही ओढली जाते आणि थरथर स्वतःलाच खतपाणी घालते. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील, तर जोर लागताच मागचा अ‍ॅक्सल पिळला जातो. इंजिन बंद करून, चाकांना ओट लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवावा. क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर हाताला कळते. पेडलाची मोकळी चालही गाडीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून घ्यावी. ही कामे क्लच उतरवण्याच्या तुलनेत अल्प खर्चाची आहेत, म्हणून ती आधी.

त्यानंतर क्लचच्या घराच्या तळाशी तेल ओघळते का ते पाहावे. काळे, पातळ तेल असेल तर संशय इंजिनाच्या मागच्या ऑईल सीलवर. घट्ट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलवर. तेलाने माखलेली प्लेट एकसारखी धरूच शकत नाही. सील न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवा माल रचणे.

एवढे करूनही थरथर राहिली, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावी आणि उतरवलीच आहे तर अर्धवट काम करू नये. फ्लायव्हीलवर निळसर डाग वा तडे आहेत का, प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत आहेत का, प्लेटच्या स्प्रिंगा सैल आहेत का, प्लेट शाफ्टच्या खाचांवर सहज सरकते का आणि पायलट बेअरिंग झिजले आहे का, हे सारे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. फ्लायव्हील खराब असेल तर ते लेथवर समतल करून घ्यावे. तडे खोल असतील तर बदलावे. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कारागिराच्या फुफ्फुसांचा हा प्रश्न आहे.

दुर्लक्ष मात्र परवडणारे नाही. प्रत्येक धक्का क्रॉस, गिअरचे दात आणि फाउंडेशन झिजवतो. मालाने भरलेली जीप घाटातल्या चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लचने दगा दिला, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. चालवणाऱ्यानेही अर्ध्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरण्याची सवय सोडावी. त्यासाठी हँडब्रेक आहे.

गॅरेजला जाण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : थरथर कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड असताना की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, आणि तेल कोठे गळते. जमाखर्चाइतक्या नेमक्या अशा नोंदीमुळे चांगल्या कारागिराचे निम्मे काम हलके होते.