इंजिनाला जीव नसतो, पण व्रत मालकाचं असतं



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, गॅरेजमधला आहे. अमेरिकेत गेलेल्या आपल्या काही मुलांना एक नवा छंद लागला आहे. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी तिच्या इंजिनाची ताकद वाढवायची. त्याचे व्हिडिओ इकडे सांगली-कोल्हापूरला येतात आणि आपण सगळ्या 'काय हुशार गं पोरगं' म्हणून अंगठे दाखवून मोकळ्या होतो. मला हे कौतुक मान्य नाही. जुनी गाडी घरी दुरुस्त करून चालती ठेवणं श्रावकाला शोभणारं काम आहे. तिची ताकद वाढवत बसणं हा मात्र परिग्रह-परिमाण व्रताला लागणारा दोष आहे, आणि 'हौसेला मोल नाही' म्हणून तो सोडून देता येणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे 1990 सालची माझदा मिआटा आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तीन महिने त्याच्याकडे होते, तेव्हा टर्बोच्या सामानाची खोकी गॅरेजमध्ये येऊन पडली होती. अजून ती फोडलेली नाहीत. आमचा वाद तेव्हापासून फोनवर चालू आहे आणि हा लेख मी त्याला सांगूनच लिहिते आहे. 'लिही मावशी, पण माझी बाजूही लिही,' म्हणाला. तीही लिहिते.

आधी गाडीबद्दल थोडं. ही गाडी फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद 116 हॉर्सपॉवर, वजन एक टनाहून किंचित कमी. ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक जपानी कल्पना होती, 'जिन्बा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप होणं. अफाट ताकद त्यांनी मुद्दामच घातली नाही. गाडी हलकी ठेवली, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वाटलं, आणि इंजिन, क्लच, ब्रेक, चाकं ही सगळी मंडळी एकमेकांच्या मापाची ठेवली. नांदत्या घरासारखा हिशेब. अशा लाखो गाड्या विकल्या गेल्या आणि पस्तीस वर्षांनंतरही त्यातल्या पुष्कळ धावत आहेत.

आता टर्बो काय करतो तेही समजून घ्या, नाहीतर मुलं 'तुला त्यातलं काय कळतं' म्हणून गप्प करतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आणि उष्णता व दाबही जास्त. कुकरच्या शिटीवर आणखी एक वजन ठेवल्यासारखं. मुळात हे इंजिन अशा दाबाच्या हवेसाठी बनवलेलंच नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण जरा चुकलं, पेट्रोल कमी पडलं, की मिश्रण ठिणगीची वाट न पाहता भलत्या क्षणी भडकतं आणि पिस्टन फुटू शकतो. त्यात कॅलिफोर्नियाच्या पंपावर मिळणारं चांगल्यातलं पेट्रोलही साधारण 91 ऑक्टेनचं, म्हणजे चूक पोटात घालायला फारशी जागा नाही.

म्हणून टर्बो कधी एकटा येत नाही. जास्त पेट्रोल सोडायला मोठे इंजेक्टर आणि पंप लागतो. त्यांना हुकूम द्यायला नवा कॉम्प्युटर. दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर. पाणी थंड ठेवायला मोठा रेडिएटर. मग जुना क्लच घसरायला लागतो, तो बदला. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल या 1.6 च्या गाडीत लहान आणि नाजूक आहे, तो बदला. आता गाडी जोरात पळते, तर थांबवायला ब्रेक मोठे हवेत. टर्बोच्या एका खोक्यामागून दहा खोकी दारात येतात.

कॉलेजात आम्हाला अकाउंट्समध्ये एक फरक घोटून घेतला होता. वस्तू आहे त्या स्थितीत राखायला केलेला खर्च महसुली. तिची क्षमता वाढवायला केलेला खर्च भांडवली, आणि भांडवली खर्च करताना विचारायचं, 'या वाढीव क्षमतेतून मिळणार काय?' सूतगिरणीत मोठं यंत्र बसवलं तर जास्त सूत निघतं. इथे काय निघतं? कॅलिफोर्नियाच्या बहुतेक महामार्गांवर वेगाची मर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे साधारण 105 किलोमीटर. कंपनीतून आली तशी ही गाडी ताशी 180 च्या पुढे जाते. म्हणजे आहे तीच ताकद उरते आहे. उरलेल्या भाकरी टाकून द्यायच्या आणि वर परात भरून पीठ मळायचं, असं आपण घरात करतो का?

आता खऱ्या मुद्द्यावर येते. भाचा म्हणतो, 'मावशी, इंजिनाला जीव थोडाच आहे? मी बैलाला मारत नाहीये. कोणाची हिंसा होते?'

प्रश्न चांगला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याचं उत्तर मिळतं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यांत जनावरावर जादा ओझं लादणं येतं. ते आपल्या सर्वांना पाठ आहे. पण तिथेच पुढे परिग्रह-परिमाण व्रताचेही पाच अतिचार दिले आहेत. अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. अतिवाहन म्हणजे वाहनाला त्याच्या कुवतीपलीकडे दामटणं. जादा ओझं पुन्हा इथेही आलं. एकच गोष्ट दोन व्रतांत का घेतली? मला लागलेला अर्थ असा: बैलाला जे सोसावं लागतं ते पहिल्या व्रतात मोजलं, आणि मालकाच्या मनाचं जे होतं ते पाचव्यात. बैलाच्या जागी इंजिन आलं की पहिला हिशेब बराचसा मिटतो. दुसरा तसाच उभा राहतो, कारण हाव इंजिनाची नव्हती, मालकाची होती.

बाकीचे शब्दही बघा. अतिसंग्रह म्हणजे ती दहा खोकी. विस्मय म्हणजे दुसऱ्याची भरभराट पाहून मन हलणं. शेजारच्या मुलाच्या गाडीत दोनशे हॉर्सपॉवर आहेत म्हटल्यावर आपली 116 एकाएकी कमी वाटायला लागते, ती हीच. काल तीच गाडी पुरत होती. गाडी बदलली नाही, शेजारी बदलला.

पहिला हिशेब 'बराचसा' मिटतो म्हणाले, पूर्ण नाही. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा चुकत नाही, हे धर्मही मान्य करतो. चूल पेटते, कामाला जायला गाडी लागते. पण भाच्याकडे ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. ही तिसऱ्या-चौथ्या कारणासाठी जळणारी आग आहे. प्रयोजन नसताना होणाऱ्या हिंसेला आपण अनर्थदंड म्हणतो, आणि गरजेपेक्षा जास्त साधनं जमवणं हाही त्या व्रताचा अतिचार आहे. शिवाय रस्त्यावर समोरून येणाऱ्याला जीव असतोच की.

आता त्याची बाजू. तो म्हणतो, 'नवी गाडी न घेता जुनी वापरतोय, हाच अपरिग्रह.' जुनी वापरणं, हो, शंभर टक्के. पण मग चांगला चालणारा क्लच, रेडिएटर, ब्रेक काढून कोपऱ्यात का टाकायचे? जुन्या भांड्याला कल्हई लावणं वेगळं, आणि जुन्या भांड्याच्या निमित्ताने अख्खं भांड्यांचं दुकान घरी आणणं वेगळं.

दुसरं म्हणणं माझ्या बहिणीचं. 'दारू नाही, जुगार नाही, घरातच असतो, बिघडलं काय?' व्यसनाशी तुलना केली की कुठलीही गोष्ट पवित्रच दिसते. व्रताचं माप आपण घेतलेल्या मर्यादेशी लावायचं असतं, शेजारच्या दारुड्याशी नाही. आणि 'घरातच' म्हणजे गॅरेजात, रात्री अकरापर्यंत. चार वर्षांची मुलगी झोपताना बाबाला दारातून हात दाखवते.

तिसरं म्हणणं खरोखर वजनदार आहे. 'मी हाताने काहीतरी शिकतोय.' दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुलाने नटबोल्ट ओळखावेत, हात काळे करावेत, याचा मला आनंदच आहे. पण शिकायला दुरुस्ती काय कमी पडते? जुन्या गाडीतला एक-एक रबरी होस बदलायचा म्हटलं तरी वर्ष जाईल.

चौथं, 'मी ट्रॅकवर चालवीन.' नुसती ट्रॅकवरच चालवायची असेल तर निदान दुसऱ्याचा जीव धोक्यात नाही, एवढं मी कबूल करते. पण गाडीला नंबरप्लेट आहे आणि दूध आणायलाही तीच निघते, हे मी तीन महिने पाहिलं आहे.

आता सगळ्यात कडू गोष्ट. कॅलिफोर्नियात 1976 पासूनच्या पेट्रोल गाड्यांची साधारण दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. तपासणारा इंजिनाचे भागही डोळ्यांनी बघतो. टर्बोसारखा भाग लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी आणि तिचा क्रमांक लागतो. तसा क्रमांक नसलेलं सामान बसवणारे काय करतात, हे मला भाच्यानेच सांगितलं. तपासणीच्या आधी जुने भाग परत लावायचे, पास व्हायचं, घरी येऊन पुन्हा टर्बो चढवायचा. विमा कंपनीलाही सांगायचं नाही, कारण हप्ता वाढतो. मग अपघात झाला की दावा नाकारायला कंपनीच्या हातात आयतं कारण.

याला 'ॲडजस्टमेंट' म्हणू नका. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार आहेत, त्यांत राज्याचे नियम ओलांडणं आहे आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे. एक दाखवायचं आणि दुसरंच खपवायचं, हाच तो. तुपात भेसळ करणाऱ्या दुकानदाराला आपण नावं ठेवतो. दोन वर्षांतून एक दिवस साधी होणारी गाडी म्हणजे भेसळच की. दशलक्षणात आपण उत्तम आर्जव म्हणून एक अख्खा दिवस ऋजुतेला देतो, तो कशासाठी?

आणि इकडच्या आयांनीही गालात हसू नये. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून गल्ली उठवणारा आपला बंटी त्याच पंगतीत बसतो.

नुसतं 'करू नको' म्हणून मी थांबत नाही, काम सांगते. पस्तीस वर्षांची गाडी आहे. पेट्रोलचे आणि पाण्याचे रबरी होस चिरलेत का बघ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते बदल. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, ते वाच आणि म्हातारे टायर काढ. टायमिंग बेल्ट, सस्पेन्शनची बुशं, सगळं नवं कर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नको, स्टँड लाव. गॅरेजात गॅसचा पाणी तापवायचा बंब आहे, तिथे पेट्रोलचा पाइप उघडू नको. एवढं केलंस तर गाडी पुन्हा ती बनवणाऱ्यांनी ठरवली होती तशी पळेल, आणि मी स्वतः तुझ्याशेजारी बसून छप्पर उघडं टाकून मंदिरात येईन. न फोडलेली खोकी परत पाठव किंवा विकून टाक, आज त्यांची किंमत येईल.

परिमाण हे व्रत आकड्यात घ्यायचं असतं. शेत इतकं, सोनं इतकं, धान्य इतकं, असं आपले वाडवडील वहीत लिहून ठेवायचे, कारण आकडा नसेल तर मन रोज थोडं पुढे सरकतं. भाच्या, तुझ्या गाडीला आकडा शोधायचीही गरज नाही. तो बनवणाऱ्यांनीच घालून दिला आहे. या दशलक्षणात वहीत एक ओळ लिही: गाडी, 116 हॉर्सपॉवर, यापुढे नाही. खाली सही कर आणि फोटो मला पाठव. त्या फोटोला मी मनापासून अंगठा दाखवीन.

जय जिनेंद्र.