बंड कोणाचे, शब्द कोणाचा?

सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्याला नाव कोण देतो, यावर इतिहासातील त्याची जागा ठरते. १८४४ मध्ये इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या कोल्हापूरच्या कारभाराने गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांना हात घातला आणि सामानगडावर ठिणगी पडली. सरकारी दप्तराने त्याला बंड म्हटले. आपणही ‘गडकऱ्यांचे बंड’ असेच शिकलो. १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेलेला कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा कंपनी सरकारच्या लेखी बंडखोरच. १८९५ मध्ये गोव्यातील मराठा शिपायांनी मोझांबिकला जाण्यास नकार दिला, दादा राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेही ‘राण्यांचे बंड’च ठरले.

मराठी भाषा मात्र इतकी दरिद्री नाही. दांडगाईने कायदा मोडतो तो पुंड. आतून शत्रूला मिळतो तो फितूर. अन्यायाविरुद्ध लोक एकवटतात तो उठाव. उघडपणे कायदा मोडून शिक्षा पत्करतो तो सत्याग्रही. हे भेद पुसले गेले की सत्तेचे काम सोपे होते. निवडणुकीत तर तिकीट न मिळालेला प्रत्येक इच्छुक ‘बंडखोर’! अर्ज माघारीच्या मुदतीपर्यंत टिकणारे हे बंड!

सीमाभागात या भेदांचे मोल अधिक आहे. १९५६ पासून येथील मराठी माणूस १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. तो निषेध आहे, द्रोह नव्हे. इतरांनी काहीही म्हणावे. निदान आपल्या तोंडी तरी परक्याने दिलेला शब्द रुळू नये. आपल्या लढ्याचे नाव दुसऱ्याला ठरवू देणारा समाज बाजू मांडण्याआधीच निम्मा हरलेला असतो.