विसाव्या मजल्यावरचे पिल्लू

दिल्लीलगतच्या नोएडा-गुरुग्राममधील उत्तुंग इमारतींत कुत्र्याचे पिल्लू आणणे सोपे. त्यास शौचाची शिस्त लावणे कठीण. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी रोखता येत नाही. विसाव्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहणे त्यास कसे जमावे? मग लादी ओली होते आणि तीवर त्याचे नाक घासले जाते. ही शिक्षा निरर्थकच. पिल्लू एवढेच शिकते की, माणसांदेखत उरकू नये. पुढे ते सोफ्याचा आडोसा शोधते. त्यापेक्षा झोपेतून उठताच व खाल्ल्यावर त्यास ठरल्या जागी न्यावे, तेथे उरकताच शाबासकी द्यावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ती जागा बाल्कनीतच बरी. गृहसंकुलांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. विष्ठा उचलण्याचा सल्लाही त्याच सूचनांत आहे. मालक मंडळी तेवढा भाग सहसा वाचत नाहीत.