मिठाचा चमचा टाकीबाहेरच राहू द्या

संपादक महोदय,


आपल्या पुरवणीतल्या पाळीव प्राण्यांच्या सदरात अ‍ॅक्सोलॉटलच्या टाकीत पाणी बदलताना दर वेळी थोडं मीठ घालावं, असा सल्ला आला आहे. मासे विकणारे दुकानदारही हेच सांगतात आणि गोल्डफिश पाळणारे ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. अ‍ॅक्सोलॉटलला मात्र हा नियम लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्राणी मासा नव्हे. मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या सोचिमिल्को आणि चाल्को या तळ्यांचा हा सॅलमँडर, जन्मभर कल्ले मिरवत पाण्यातच राहणारा. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरची ही तळी झऱ्यांच्या गोड, गार पाण्याची होती. उत्तरेचं तेश्कोको तळं मात्र खारं होतं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर नेझावाल्कोयोत्ल राजाच्या देखरेखीखाली तेनोच्तित्लान नगरीजवळ मैलोगणती लांबीचा बांध घातला गेला, तो पूर थोपवायला आणि हे खारं पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून. ज्या खोऱ्यातली माणसं मीठ दूर ठेवायला एवढी झटली, तिथल्या प्राण्याला आपण ते पुडीने विकत आणून घालतो!

अ‍ॅक्सोलॉटलच्या अंगातला द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतो. त्यामुळे उघड्या, खवले नसलेल्या त्वचेतून पाणी सतत आत झिरपतं. मूत्रपिंडं ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतात आणि लागणारे क्षार त्वचा व कल्ले पाण्यातून ओढून घेतात. त्याचं सगळं शरीर गोड्या पाण्यासाठीच घडलं आहे. बाहेर मीठ वाढवत नेलं की हा तोल ढळतो, आणि सर्वांत आधी सोसावं लागतं ते नाजूक कल्ल्यांना.

मीठवाल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा प्रयोगशाळांचा आहे आणि तो खरा आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या केंद्रात अ‍ॅक्सोलॉटल होल्टफ्रेटरच्या द्रावणात वाढवतात. मूळ द्रावण ४० टक्क्यांपर्यंत पातळ केल्यावरही त्यात लिटरमागे सव्वा ते दीड ग्रॅम मीठ उरतं. म्हणजे थोड्या मिठाने प्राणी लगेच दगावत नाही, हे मान्य. पण तिथे सोडियम क्लोराइडच्या जोडीला पोटॅशियम, कॅल्शियम यांचे क्षार काट्यावर तोलून घालतात आणि पाणी ठरल्या वेळी बदलतात. आपल्या घरी चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग. शिवाय पाणी आटतं, मीठ आटत नाही. उन्हाळ्यात आटलेल्या टाकीत भर घालताना जो दर खेपेला मीठही टाकतो, त्याची टाकी हळूहळू तेश्कोको होते. अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं, हेही खरं. पण जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो, साध्या मिठाने तो तसूभरही वाढत नाही. बोअरच्या पाण्यात तर तो आधीच भरपूर असतो.

नायट्राइट वाढलं की क्लोराइड त्याला कल्ल्यांतून रक्तात शिरताना अडवतं, हा माशांच्या बाबतीतला जुना अनुभव आहे. पण नायट्राइटच्या आधी अमोनिया असतो, त्याच्यावर मिठाची मात्रा चालत नाही. दोन्हींवर इलाज एकच: क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाकीतलं पाणी बदलणं आणि फिल्टर मुरेपर्यंत धीर धरणं.

मिठाचा उपयोग एकाच ठिकाणी आहे. कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरली, तर वेगळ्या भांड्यात लिटरला दोन ते तीन छोटे चमचे आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून प्राण्याला दहा मिनिटं त्यात ठेवतात. पंधराच्या पुढे जाऊ नये. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. दुखऱ्या घशाला मिठाच्या गुळण्या करतो म्हणून कोणी पिण्याच्या माठात मीठ ढवळून ठेवत नाही. आणि बुरशी मुळात का धरली, तेही पाहावं. मुंबई-पुण्याच्या एप्रिलमध्ये चिलर नसलेल्या टाकीचं पाणी सहज तिशीकडे जातं; या प्राण्याला हवं असतं सोळा ते अठरा अंश, चोविशीच्या वर तो हैराण होतो. उकाड्याने खचलेल्या जिवाला मीठ देऊन काय साधणार? सदराने जागा द्यायचीच, तर ती थर्मामीटर आणि अमोनियाच्या टेस्ट किटला द्यावी.

ज्यांनी सल्ला वाचून मीठ आधीच घातलं आहे, त्यांनी घाबरून सगळं पाणी एकदम उपसू नये. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं गोड पाणी घेऊन रोज टाकीचा चौथा-पाचवा हिस्सा बदलावा, आठवड्याभरात बहुतेक मीठ निघून जाईल. आटलेल्या पाण्याची भर मात्र साध्या पाण्यानेच करावी. एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच सदरात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे